स्थानिक व्यत्यय

"उद्या दुपारी सगळ्या डिश स्टेजकडे तोंड करून उभ्या पाहिजेत," डॉ. रणदिवे म्हणाले.

मी हसले. आमचे संचालक विनोद फार क्वचित करत, त्यामुळे केला की हसून घ्यायची आमच्याकडे पद्धत होती. पण ते स्वतः हसले नाहीत. त्यांनी मांडवाचा नकाशा माझ्यापुढे सरकवला. स्टेज, सोफे, खुर्च्या, जनरेटर आणि मागे डिशच्या जागी काढलेले गोल. प्रत्येक गोलाला एक बाण होता आणि सगळे बाण सोफ्यांकडे वळलेले होते.

"मंत्र्यांच्या मागे अख्खी दुर्बीण दिसली पाहिजे, एका फ्रेममध्ये. ड्रोनवाला पुण्याहून येतोय."

"ड्रोन?" मी म्हणाले. "आपल्या आवारात?"

आमची दुर्बीण भिंगांची नव्हे, रेडिओ लहरींची. माळावर लांब लांब उभ्या असलेल्या अवाढव्य डिश मिळून आकाशातल्या एकाच जागेला कान लावून बसतात. हा कान इतका तिखट, की जवळपास मोबाइल, ड्रोन, वायरलेस माइक, वेल्डिंग, असलं काहीही चालू झालं की दूरच्या दीर्घिकांचं काही ऐकू येत नाही. म्हणून तर आवाराच्या फाटकावर आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन काढून घ्यायचो.

अख्ख्या आकाशाचं सर्वेक्षण चाललं होतं आणि कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, आकाशाचा कोणता तुकडा बघायचा हे ठरवणं माझं काम होतं. आकाशाचे आम्ही चौकोन पाडले होते. सहा वर्षं एकेक चौकोन उरकत आता शेवटच्यावर आलो होतो. तो अगदी दक्षिणेचा. त्या दिवसांत तो दुपारी दोनच्या सुमाराला डोंगरावर डोकं काढायचा आणि संध्याकाळी बुडायचा. उद्याची दुपार ही त्याची शेवटची संधी होती, कारण परवा सकाळी डिशवरचे जुने रिसीव्हर उतरवायला क्रेन येणार होती. नवे रिसीव्हर चढले की मापं बदलणार आणि तो तुकडा बाकीच्या आकाशाशी कधीच जुळणार नाही. मंत्री येणार होते ते या नव्या रिसीव्हरच्याच समारंभाला.

"सर, उद्या दोनपासून शेवटचा चौकोन आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे. एक चौकोन राहिला म्हणून आकाश कोसळत नाही."

"फोटो सकाळी काढा ना."

"मंत्री तीनला येणार. आणि टिपणीस, नव्या रिसीव्हरची मंजुरी कुणाच्या सहीनं आली ते तुम्हाला मी सांगायला नको."

"मग वेळापत्रकात कारण काय लिहू? फोटो?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. अवघड बोलायचं असलं की ते चष्मा पुसत.

"स्थानिक व्यत्यय लिहा. नेहमीचंच आहे ते."

तळपायाची आग मस्तकात गेली. 'स्थानिक व्यत्यय' हा आमच्याकडचा ठरलेला शब्द. शेजारच्या खडकुंबे गावात कुणी काही चालू केलं आणि निरीक्षण बिघडलं की तो लिहायचा. म्हणजे मांडव आमचा, माइक आमचा, ड्रोन आमचा आणि बोंब गावाच्या नावानं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी खुर्ची मागे ढकलून उठले आणि दार जरा जास्तच जोरात लावलं.

तशीच खडकुंब्याला रज्जाकभाईंच्या दुकानावर गेले. त्यांना सांगणं भाग होतं.

रज्जाकभाई मणियार गावच्या फाट्यावर वेल्डिंगचं दुकान चालवत. उसाच्या ट्रॉल्या, गेट, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे. दुकानाच्या दारात उभं राहिलं की समोर आमच्या डिश दिसायच्या, इतकं जवळ. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला, दारात ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि ऐन त्याच दिवसांत मी त्यांना म्हटलं होतं, पाच दिवस दिवसा मशीन लावू नका, दक्षिणेचे शेवटचे पाच चौकोन राहिलेत. ते काही साधू नव्हते. मला आणि आमच्या संस्थेला त्यांनी आधी मनसोक्त शिव्या घातल्या, मग दोन दिवस तंगवलं, आणि शेवटी कबूल झाले. तेव्हापासून ते दिवसा झोपून रात्री ट्रॉल्या जोडत होते.

मी पोचले तेव्हा ते नुकते उठून चहा पीत होते.

"या मॅडम. उद्याचा एक दिवस, मग आमची सुटका!"

"उद्या उघडा दुकान," मी म्हणाले. "उद्याचं रद्द झालंय."

"का वो? डिश बिघडली का काय?"

काय सांगायचं ते मी ठरवून आले नव्हते. पण राग पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही. मंत्री, मांडव, फोटो, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. ड्रोनचं नाव निघालं तसा त्यांनी चहाचा ग्लास ऐरणीवर आपटला.

"ड्रोन उडवणार? तुमीच?"

"हो."

"माझ्या यास्मीनच्या लग्नात तुमी सोता आलता. नवरदेव घोड्यावर, ड्रोन वर, अन् तुमी खाली हात हलवत उभ्या. पाव्हण्यांदेखत! मी म्हणलं मॅडम, वीस मिन्टं द्या, पोरीचा बाप हात जोडतोय. तवा तुमी काय म्हणलात?"

मला आठवत होतं. शब्दन्‌शब्द.

"आकाशाची वीस मिनिटं परत मिळत नाहीत, म्हणाले होते."

"मग आता कशी मिळाली मंत्र्याला?"

त्या लग्नानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नव्हते. मी तेव्हा त्यात काही चूक मानली नव्हती. नियम म्हणजे नियम, आणि नियम सगळ्यांना सारखा, हे मी त्यांना मान वर करून सांगितलं होतं. आता ती मान कुठे ठेवावी ते कळेना.

"अन् कागदावर काय लिवणार?" त्यांनी विचारलं. "गावानं घोटाळा केला, हेच ना?"

"स्थानिक व्यत्यय," मी म्हणाले.

"बघा! मला म्हाईतच होतं!" ते उठून उभे राहिले. "मी न्हाई उघडत दुकान. उद्या माझं मशीन चालू दिसलं की तुमी लिवणार, रज्जाकनं वेल्डिंग मारलं म्हणून बिघडलं. पाच दिवस म्हणलो ना? पाच दिवस शटर बंद. माझा शब्द मी बघतो. तुमचा तुमी बघा."

"रज्जाकभाई, पण तुमच्या ट्रॉल्या—"

"ट्रॉल्यांचं मी बघतो. तुमी जावा आता. मला कामं हायेत."

स्कूटरवरून परत येताना रज्जाकभाईंचा राग आला, रणदिव्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला, कारण मी तिथे दुकान उघडायला सांगायला गेले होते. म्हणजे चौकोन गेला हे मी मनात मान्यच करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या डिश स्टेजकडे तोंड करून उभ्या होत्या. दिंडीदरवाजातून कुणी वाकून बघावं तशा पुढे झुकलेल्या. मी नियंत्रण कक्षात होते. डिश वळवणारे ऑपरेटर कुलथे माझ्या शेजारी बसले होते. माणूस मुलखाचा शांत, पण त्या दिवशी तेही पेन टेबलावर आपटत होते.

दोन वाजले. चौकोन डोंगरावर आला.

"उगवला," कुलथे म्हणाले.

"मंत्री कुठवर आलेत?"

"पुण्यातून निघाले नाहीत अजून. जेवायला बसलेत म्हणे."

मी खिडकीतून पाहिलं. स्टेजवर शुकशुकाट होता. पुढचे सोफे रिकामे. मागे खुर्च्या भरायला टेम्पोनं आणलेली खडकुंब्याची माणसं घाम पुसत बसली होती. एवढ्या महागड्या डिश, सहा वर्षांचं काम, आणि सगळे मिळून एका रिकाम्या सोफ्याकडे बघत होते. आणि माझा चौकोन वर येत होता.

"कुलथे, डिश वळवा," मी म्हणाले. "वेळापत्रकाप्रमाणे."

"सरांनी सांगितलंय, हलवायच्या नाहीत."

"लिहून दिलंय का?"

कुलथ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच ते किंचित हसले. आमच्याकडे एक नियम होता. मागे दोन बड्या शास्त्रज्ञांची दुर्बिणीच्या वेळेवरून जुंपली होती. त्यानंतर ठरलं, की वेळापत्रकातला कोणताही बदल संचालकांच्या सहीनं लेखीच झाला पाहिजे, तोंडी सांगितलेलं ग्राह्य धरायचं नाही. नियम रणदिव्यांनी स्वतः केलेला होता. मी वेळापत्रकात 'रद्द' लिहिलंच नव्हतं आणि त्यांनीही काही लिहून दिलं नव्हतं. म्हणजे कागदावर चौकोन अजून जिवंत होता.

डिश हलायला लागल्या तशी मांडवातून एकच कुजबुज उठली. पाठोपाठ रणदिवे धावत आले.

"कुणी सांगितलं? थांबवा! टिपणीस, मी आदेश देतोय तुम्हाला."

"द्या. लेखी द्या."

मी कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"काय लिहू?"

"तुम्ही सांगताय तेच. की मंत्र्यांच्या फोटोसाठी सर्वेक्षणाचा शेवटचा चौकोन रद्द करतोय. खाली सही."

"तुम्ही माझ्याशी असं वागताय? पंधरा वर्षं मी तुम्हाला—"

"पंधरा वर्षं मी गावातल्या लोकांच्या तोंडचे फोन काढून घेतलेत सर. तुमच्या नियमासाठी. आता तो नियम तुम्हाला लागू नाही, एवढं एका ओळीत लिहून द्या. मी निमूट डिश फिरवते."

त्यांनी पेन हातात घेतलं. कागदावर टेकवलंसुद्धा. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि खूप हळू आवाजात म्हणाले, "मंत्री आले की परत वळवा." चष्मा पुसायचंही ते विसरले.

पण नुसत्या डिश वळवून भागणार नव्हतं. मांडवात साउंडवाला वायरलेस माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" करत होता आणि आमच्या पडद्यावर त्याच्या प्रत्येक हॅलोबरोबर पांढरा पट्टा उमटत होता. मी तशीच बाहेर पडले. साउंडवाल्याला म्हटलं, मंत्री येईपर्यंत एकही माइक चालू दिसता कामा नये. ड्रोनवाल्याकडून बॅटऱ्या मागून घेतल्या. त्याला वाटलं, मीच कुणी मोठी अधिकारी. रागावलेल्या बाईला ओळखपत्र लागत नाही. मग स्टेजवर चढून, माइकशिवाय, घसा फोडून ओरडले:

"सगळ्यांनी फोन बंद करा! पूर्ण बंद!"

मागच्या खुर्च्यांतून एक म्हातारी तितक्याच जोरात ओरडली, "आमचे फाटकावरच काढून घेतलेत बाई! त्या पुढच्यांना सांगा!"

मांडव हसला. सोफ्यांमागच्या पहिल्या रांगेत फुलांचे गुच्छ घेऊन बसलेले आमचे लोक आणि पुण्याहून आलेले अधिकारी नाइलाजानं खिशात हात घालू लागले. रणदिवे लांब उभे होते. वार्ताहरांसमोर तमाशा नको म्हणून ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर माळावर जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. आम्हाला ऐकू येते ती नव्हे, डिशना ऐकू येते ती. कुलथ्यांनी मला पडदा दाखवला. एक पट्टा नाही, एक ठिपका नाही. सहा वर्षांत इतकं स्वच्छ आकाश आम्हाला मिळालं नव्हतं. खिडकीतून फाटा दिसत होता. दुकानाचं शटर खाली होतं आणि दुकानासमोर जोडायच्या राहिलेल्या ट्रॉल्या उन्हात तापत होत्या.

मंत्री साडेचारला आले. रणदिव्यांची नजर मला शोधत होती, पण डिश वळवायला वेळ लागतो, आणि गाड्यांचा ताफा सरळ स्टेजला येऊन भिडला. माइक सुरू झाले. मंत्र्यांनी विज्ञानाचं महत्त्व सांगितलं, मग त्यांच्या बालपणीच्या चांदण्या सांगितल्या, मग मतदारसंघातले रस्ते सांगितले. चौकोनाचा उरलेला वेळ भाषणात गेला. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

शेवटी फोटोची वेळ आली. मंत्र्यांनी मागे वळून पाहिलं.

"या सगळ्यांनी पाठ का फिरवली?"

"सर, त्या... काम करताहेत," रणदिवे म्हणाले.

"असं होय. मग राहू द्या, करू द्या काम," मंत्री म्हणाले. त्यांना खरोखर काही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोटोग्राफरनं हात हलवला. मागून ऊन येतंय, चेहरे काळे पडतील, डिश कशाही असल्या तरी तिकडून फोटो येणार नाही. इकडे या, फ्लेक्सपुढे. मग सगळे फ्लेक्सपुढे उभे राहिले. फ्लेक्सवर डिश छापलेल्या होत्या. त्या आमच्या नव्हत्याच, छापणाऱ्यानं इंटरनेटवरून कुठल्यातरी परदेशातल्या उचलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात हाच फोटो आला. यासाठी माझा चौकोन जाणार होता. यासाठी!

त्या संध्याकाळी मी वेळापत्रकात लिहिलं: 'पहिला भाग उत्तम. पुढचा भाग मंत्र्यांच्या भाषणामुळे निरुपयोगी.' खाली सही केली.

न लिहिलेला आदेश मोडला म्हणून मला कुणी शिक्षा करू शकलं नाही. पण महिन्याभरात बदली झाली. पाहुण्यांना दुर्बीण दाखवायच्या विभागात! तेव्हापासून मी शाळांच्या सहलींना डिश दाखवते. वेळापत्रक आता पुण्यात बसून संगणक करतो. चांगलं करतो, माझ्यापेक्षा कितीतरी भरभर. फक्त तो खडकुंब्याला जाऊन कुणाच्या शिव्या खात नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक पत्रक लागतं, ते कुणी वाचत नाही.

गेल्या वर्षी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. रणदिवे निवृत्त होऊन, हारतुरे घेऊन कधीच गेले होते. मी शेवटचा चौकोन उघडला. अर्ध्या वेळेत मिळालेल्या माहितीवर तो उभा राहिला होता. जरा अंधुक, पण होता. आकाशात भोक पडलं नव्हतं. मग खालची टीप वाचली: 'निरीक्षणाचा उत्तरार्ध वगळला आहे. कारण: स्थानिक व्यत्यय.'

कुणीतरी माझी ओळ बदलली होती.

मी त्या दुपारचा आलेख मोठ्या कागदावर छापून घेतला आणि रज्जाकभाईंकडे गेले. ते आता पिकले होते, पण जीभ तीच होती. कागद मी ऐरणीवर पसरला. डावीकडे सगळं गुळगुळीत काळं, उजवीकडे पांढऱ्या पट्ट्यांची दाटी.

"हे पट्टे म्हणजे मंत्र्यांचं भाषण," मी म्हणाले.

"अन् मी कुठाय यात?"

मी डावीकडच्या काळ्या भागावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं.

"हितं तर काईच न्हाई."

"हो. तेच."

"म्हंजे जो बोंबलला त्याचं छापून आलं, अन् जो गप बसला त्याची जागा कोरी?" त्यांनी कागद माझ्याकडे ढकलला. "अन् खाली काय लिवलंय? वाचा."

मी वाचलं. न वाचून सुटका नव्हती.

"घातलंच ना गावाच्या डोक्यावर!" ते ओरडले. आतला माणूस हातातलं काम टाकून बघायला लागला. "पाच दिवस रातीचं उल्लूवानी जागून ट्रॉल्या जोडल्या मी. सांगा की तुमच्या लोकांना!"

"सांगते. पत्र लिहिलंय. परत लिहीन. ती ओळ बदलेपर्यंत लिहीन."

"लिवा. नुसतं लिवू नका, भांडा." ते तणतणत मशीनपाशी गेले. एका ट्रॉलीचा सांगाडा अर्धवट जोडून उभा होता. त्यांनी मास्क उचलला, डोक्यावर चढवला, आणि मग हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता, चिडक्या आवाजात विचारलं:

"लावू ना मशीन? वर काय चालू न्हाई ना तुमचं?"

मला माहीत नव्हतं. वेळापत्रक माझ्याकडे नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना सांगायला कुणी आलं नव्हतं, आणि तरी ते विचारत होते.

मी दारात जाऊन माळाकडे पाहिलं. सगळ्या डिश एकाच बाजूला वळलेल्या होत्या. खाली, डोंगराला लागून, दक्षिणेला.

"थांबा जरा," मी म्हणाले.

रज्जाकभाईंनी एक कचकचीत शिवी हासडली आणि मास्क काढून खुंटीला अडकवला.